कॅन्सर मार्करचं पॅकेज नको, पोटाची तक्रार ऐकणारा दवाखाना हवा



जयंती जवळ आली की वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरांची गडबड सुरू होते. मंडळाची पोरं वर्गणी काढतात, विहारात मांडव पडतो, आणि कुठून तरी लॅबवाल्याचं पत्रक येतं. गेली दोन-तीन वर्षं या पत्रकांत बायांसाठी एक नवी ओळ दिसते आहे: ‘महिला कॅन्सर पॅकेज, फक्त रक्त द्या.’ खाली बारीक अक्षरात चाचण्यांची नावं असतात. त्यात सीए-१२५ हमखास असते. महिला मंडळाच्या बैठकीत मग मला विचारलं जातं, “ताई, हे करून घ्यावं का? मंडळ अर्धे पैसे भरणार आहे.”

माझं उत्तर सरळ आहे. ज्या बाईला काही त्रास नाही आणि जिच्या घराण्यात हा आजार नाही, तिनं अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्ताची चाचणी विकत घेऊ नये. आणि जिचं पोट तीन आठवडे फुगलेलं आहे, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतंय, तिनं ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नये. आज आपल्या वस्तीत याच्या बरोबर उलटं चाललं आहे. धडधाकट बायांच्या रक्ताची तपासणी होते आहे आणि आजारी बाई मेडिकलमधून पाच रुपयांची गोळी घेऊन घरी जाते आहे. असं का म्हणते ते नीट सांगते. यात थोडं शास्त्र आहे, पण ते समजायला डॉक्टर व्हायची गरज नाही.

आजार कुठला, आणि उशीर का होतो

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. ती पोटात खोल असतात. गर्भपिशवीचं तोंड नर्सला डोळ्यांनी बघता येतं, स्तनातली गाठ आपल्याच हाताला लागते. अंडाशयाचं तसं नाही. तिथं काही वाढायला लागलं तर बाहेरून कळत नाही. भारतातल्या बायांमध्ये स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड यांच्यानंतर सर्वांत जास्त आढळणारा हा कॅन्सर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे ४७ हजार बायांना तो झाला आणि सुमारे ३३ हजार बाया त्यानं गेल्या.

सापडतो तेव्हा बहुतेकींच्या पोटात तो पसरलेला असतो. लवकर सापडला तर बऱ्याच जणी पुढं वर्षानुवर्षं चांगल्या जगतात. पसरल्यावर मात्र पाच वर्षं काढणाऱ्या बाया निम्म्याहून बऱ्याच कमी. म्हणून सगळ्या जगाला एक साधी रक्ताची चाचणी हवी आहे, जी हा आजार आधीच दाखवून देईल. ही इच्छा चुकीची नाही. प्रश्न एवढाच, की तशी चाचणी आज आहे का?

माग थांबवणारी कळ

सोलापूरच्या माणसाला माग समजावून सांगावा लागत नाही. यंत्रमागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारण त्याला तशी कळ बसवलेली असते. कामगार येतो, गाठ मारतो, माग परत सुरू होतो. ती कळ बिघडली तर? धागा तुटलेलाच राहील आणि माग धडधडत पुढं चालेल. वाराच्या वारा खराब कापड निघेल.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत अशी एक कळ आहे. तिचं नाव पी५३. हे एक प्रथिन आहे. पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड झाला की हे प्रथिन पेशीला थांबवतं. बिघाड दुरुस्त झाला तर पेशी पुढं जाते, नाही झाला तर तीच पेशी मरून जाईल अशी व्यवस्था करतं. १९७९ मध्ये शास्त्रज्ञांना हे प्रथिन सापडलं. गंमत म्हणजे पुढची दहा वर्षं ते कॅन्सर घडवणारं आहे असाच समज होता. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की प्रयोगशाळेत बघत होते ती बिघडलेली कळ होती. चांगली कळ कॅन्सरला अडवते. म्हणून अशा प्रथिनांना गाठ रोखणारी प्रथिनं म्हणतात.

अंडाशयाच्या कॅन्सरचा जो सर्वांत जास्त आढळणारा आणि जास्त जीव घेणारा प्रकार आहे, त्यात ही कळ जवळजवळ प्रत्येक वेळी बिघडलेली असते. अमेरिकेत २०११ मध्ये अशा ४८९ गाठींचा अभ्यास छापून आला. त्यात शंभरातल्या शहाण्णव गाठींमध्ये पी५३ चा जनुक बिघडलेला निघाला. आणखी एक गोष्ट नंतर कळली. या प्रकारच्या पुष्कळ गाठींची सुरुवात अंडाशयात होतच नाही. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये ज्या नळ्या बांधतात, त्या नळ्यांच्या झालरीसारख्या टोकाला ती होते. तिथं पी५३ बिघडलेल्या काही पेशी असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. सोनोग्राफीत अंडाशय छान दिसतं आणि आजार शेजारी सुरू झालेला असतो. सोनोग्राफी नॉर्मल असूनही पुढं आजार निघाला असं जे कधीकधी होतं, त्याचं एक कारण हे आहे.

शरीर तक्रार नोंदवतं, पण सगळ्यांचं नाही

अँटिबॉडी हा शब्द कोरोनानं घराघरात पोचवला. बाहेरून आलेल्या विषाणूविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं. स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध बनवली तर तिला ऑटोअँटिबॉडी म्हणतात. बिघडलेलं पी५३ पेशीत साचत जातं. काही बायांच्या शरीराला ते परकं वाटतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांना स्तनाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांच्या रक्तात ती पहिल्यांदा दिसली. पुढं अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही सापडली. जुन्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांना असंही दिसलं, की काही बायांच्या रक्तात ही अँटिबॉडी आजार कळण्याच्या कितीतरी महिने आधी, सीए-१२५ वाढण्याच्याही आधी, वाढलेली होती.

ऐकायला आशेचं वाटतं, आणि आहेही. पण दोन अडचणी आहेत. पहिली, ही अँटिबॉडी अंडाशयाच्या कॅन्सरच्या पाच रुग्णांपैकी साधारण एकीच्याच रक्तात सापडते. कळ जवळपास सगळ्यांची बिघडलेली, पण शरीर तक्रार नोंदवतं ते एकीचंच. दुसरी अडचण, पी५३ ची कळ फुफ्फुसाच्या, तोंडाच्या, आतड्याच्या कॅन्सरमध्येही बिघडते. तेव्हा अँटिबॉडी सापडली तरी आजार कुठं आहे हे ती सांगत नाही.

आता गणित मांडू. समजा सोलापुरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या १०,००० बाया घेतल्या, ज्यांना काहीच त्रास नाही. त्यांतल्या तीन जणींना या वर्षात हा कॅन्सर होणार आहे असं धरू. चाचणी अशी, की निरोगी शंभर बायांमध्ये अठ्ठ्याण्णव जणींना बरोबर ‘निरोगी’ म्हणते आणि दोघींनाच चुकून घाबरवते. चांगली चाचणी वाटते ना? पण दहा हजारांत त्या दोघींच्या दोनशे होतात. म्हणजे दोनशे निरोगी बायांच्या हातात कॅन्सरची शंका असलेला कागद पडेल. आणि खऱ्या तीन रुग्णांपैकी? पाचात एक पकडणारी चाचणी तिघींपैकी एकीला तरी पकडेलच याची खात्री नाही. आजार विरळ असला की चांगली चाचणीही अशी फसते. यात लॅबचा दोष नाही, यंत्राचाही नाही. हे साधं भागाकाराचं गणित आहे आणि ते पत्रकावर कुणी छापत नाही.

मग सीए-१२५ तरी?

पी५३ च्या अँटिबॉडीची चाचणी अजून संशोधनातच आहे. सीए-१२५ मात्र कुठल्याही लॅबमध्ये होते. अमेरिकेतल्या रॉबर्ट बास्ट या डॉक्टरांच्या गटानं १९८१ मध्ये ती शोधली. ३५ च्या वर आकडा गेला की रिपोर्टवर ठळक अक्षर येतं. पण हा आकडा पाळीच्या दिवसांत वाढतो, गरोदरपणात वाढतो, गर्भपिशवीच्या गाठींनी, ओटीपोटातल्या जंतुसंसर्गानं, यकृताच्या आजारानं वाढतो आणि पोटाच्या टीबीनंही वाढतो. उलट बाजूनं, कॅन्सर पहिल्या टप्प्यात असलेल्या जवळपास निम्म्या बायांचा आकडा नॉर्मलच असतो. म्हणजे वाढला म्हणून कॅन्सर नाही आणि वाढला नाही म्हणून सुटका नाही.

तरीही दरवर्षी करत राहिलं तर फायदा होईल, असं म्हणणारे आहेत. याची परीक्षा झालेली आहे, आणि फार मोठी. अमेरिकेत ७८ हजारांवर बायांचे दोन गट केले. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी, दुसऱ्याची नेहमीसारखी देखभाल. २०११ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. तपासणी झालेल्यांपैकी ३,२८५ बायांना खोटी शंका आली, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि ऑपरेशन झालेल्या साधारण दर सात जणींमागे एकीला गंभीर त्रास झाला. कॅन्सर नसताना! त्यानंतर इंग्लंडमध्ये त्याहून मोठा अभ्यास झाला. दोन लाखांहून जास्त बाया आणि सोळा वर्षांच्या आसपास पाठपुरावा. प्रमुख होत्या भारतीय वंशाच्या डॉ. उषा मेनन. सीए-१२५ चा आकडा दरवर्षी कसा चढतो ते बघून आजार थोडा लवकर सापडला खरा, पण २०२१ मध्ये अंतिम हिशोब झाला तेव्हा एकही गट मृत्यू कमी करू शकला नव्हता.

बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं की मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. ही चाचणी पारखून झालेली आहे. तक्रार नसलेल्या बाईच्या बाबतीत ती उतरली नाही.

सीए-१२५ निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. सोनोग्राफीत गाठ दिसली असेल तर ती किती काळजीची आहे हे ठरवायला डॉक्टर हा आकडा वापरतात. आजार असलेल्या बाईला उपचार लागू पडतोय का, आजार परत येतोय का, हे बघायलाही तो लागतो. डॉक्टरांनी तपासून लिहून दिला तर जरूर करा. शिबिराच्या मांडवात पॅकेजमध्ये तो नको.

खोट्या शंकेची किंमत आपल्या बाया मोजतात

“एक चाचणी केली तर बिघडलं काय? नॉर्मल आली तर मनाला बरं वाटेल,” असं मला म्हणतात. बिघडतं ते असं.

बीड जिल्ह्याचं उदाहरण घ्या. २०१९ च्या जूनमध्ये सरकारनं विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत त्या जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाया मोठ्या संख्येनं होत्या, कित्येक तर चाळिशीच्या आतल्या. चौकशी करायला गेलेल्यांना अनेकींनी एकच गोष्ट सांगितली: पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलो, आणि ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं ऐकून आलो. त्या भीतीवर कर्ज निघालं, ऑपरेशन झालं आणि पुढच्या हंगामात परत मोळी डोक्यावर आली.

ही भीती घालायला तिथं कागदाचीही गरज पडली नव्हती. उद्या वस्तीतल्या चाळिशीच्या बाईच्या हातात ‘सीए-१२५: ५८, वाढलेला’ असा छापील कागद असेल तर काय होईल? तिला पाळी चालू होती म्हणून आकडा वाढला होता हे समजावून सांगणारा कुणी शिबिरात नसतो. शिबिर संध्याकाळी आवरलेलं असतं. ती कागद घेऊन खासगी दवाखान्यात जाते, तिथून सोनोग्राफी, सीटी स्कॅन, आणि वेळ वाईट असेल तर दोन्ही अंडाशयं काढायचा सल्ला. कमी वयात अंडाशयं काढली की हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. बिगारी काम करणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, दिवसाला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं शरीर हेच तिचं भांडवल. ते एका चुकीच्या आकड्यापायी मोडायचं का?

ज्या बाईनं थांबू नये ती

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. मी नर्स म्हणून वॉर्डात होते तेव्हा या आजाराच्या ज्या बाया भरती व्हायच्या, त्यांच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं असायचं: “गॅस म्हणून दोन-चार महिने काढले.” हा आजार गुपचूप येतो असं म्हणतात. पूर्ण खरं नाही. तो हळू आवाजात बोलतो, आणि बाईच्या पोटाची तक्रार आपल्या घरात कुणी मोठ्या आवाजातली असली तरी ऐकत नाही.

चार गोष्टी लक्षात ठेवा. पोट फुगलेलं राहणं. थोडं खाल्लं तरी पोट भरणं. ओटीपोटात किंवा पोटात दुखणं. वारंवार किंवा घाईची लघवी. या तक्रारी कुणालाही कधीमधी होतात. पण त्या नव्यानं सुरू झाल्या असतील, महिन्यातले बारा दिवस किंवा जास्त होत असतील आणि जात नसतील, तर पोट तपासून घ्या आणि सोनोग्राफी करा. वय पन्नाशीच्या पुढं असेल, पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं असेल, साडीची गाठ घट्ट होतेय पण हातपाय वाळतायत असं वाटत असेल तर आणखी लवकर. डॉक्टरला फक्त ‘पोट दुखतं’ म्हणू नका. ‘तीन आठवडे रोज फुगतंय, आधी असं नव्हतं’ असं सांगा. दिवस मोजून सांगितले की डॉक्टरलाही दुर्लक्ष करणं अवघड जातं.

टीबीबद्दल एक शब्द. आपल्या वस्त्यांत टीबी आहे. पोटाचा टीबी आणि अंडाशयाचा कॅन्सर दोन्हींत पोटात पाणी होतं, वजन घटतं, सीए-१२५ वाढतो. त्यामुळे कॅन्सर असलेल्या बाईला टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि टीबी असलेल्या बाईला कॅन्सर म्हणून घाबरवलं जातं, अशा दोन्ही चुका होतात. पोटातलं पाणी किंवा मांसाचा तुकडा तपासून नक्की काय आहे ते ठरवा, असा आग्रह धरा. आणि अंडाशयात गाठ असेल, कॅन्सरची शंका असेल, तर पहिलं ऑपरेशन कॅन्सरच्या सर्जनकडेच व्हावं. ते नीट होण्यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

खर्चाचं कारण सांगून घरी बसू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो बसतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथं जा.

रिपोर्टमध्ये ‘पी५३’ दिसलं तर

गाठीचा तुकडा तपासल्यावर रिपोर्टमध्ये पी५३ बद्दल एखादी ओळ असू शकते. कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवण्यासाठी ती तपासणी करतात. ते वाचून लेकी घाबरतात: “आईचा जनुक बिघडलाय, मग आमचं काय?” गाठीतला पी५३ चा बिघाड बहुतेक वेळा त्या गाठीतच, आयुष्यात नंतर झालेला असतो. तो लेकीला जात नाही. कुणाच्या घरात असा आजार निघाला म्हणून त्या घरची सोयरीक मोडू नका. कुणी मोडत असेल तर त्याला हे वाचायला द्या.

घराण्यातून येणारा धोका वेगळा, त्याचे जनुक बहुधा ब्रॅका-१ आणि ब्रॅका-२. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये साधारण सहा-सात जणींमागे एकीला तो असतो. तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. म्हणून घरात आई, बहीण, आत्या, मावशी यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा. हा आजार झालेल्या बाईची ब्रॅका चाचणी व्हावी असं तज्ज्ञ सांगतात, कारण त्यावर औषधही ठरतं आणि लेकीबाळींना सावधही करता येतं. चाचणीवर पैसे घालायचेच असतील तर ते इथं घालायला हवेत. पण ही चाचणी महाग, आणि आपल्या बायांपर्यंत ती पोचत नाही.

बार्शीनं काय शिकवलं

तपासणीनं जीव वाचतच नाहीत, असा याचा अर्थ काढू नका. जीव वाचवणारी तपासणी आपल्याच जिल्ह्याच्या बायांनी जगाला दाखवून दिली आहे.

बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावची बाई दवाखान्यात येत नाही, तर माणसं गावात गेली. घरोघर लक्षणं सांगितली, बैठका घेतल्या, शंका असलेल्यांना दवाखान्यात आणलं. काही वर्षांतच गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. १९९५ मध्ये तो अभ्यास छापला गेला. महागडं यंत्र नव्हतं. लोकांशी बोलणं होतं.

पुढं १९९९ मध्ये याच दवाखान्यानं मुंबईच्या टाटा मेमोरियलबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायांचा अभ्यास सुरू केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निकाल २००९ मध्ये लागला. आज जगभर हीच चाचणी आधी करा म्हणतात, त्यामागं या गावांतल्या बायांचा वाटा मोठा आहे. यातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायांची तपासणी केली नव्हती, आणि अशा अभ्यासांवर पुढं कडक टीका झाली. ज्ञान जगाला मिळालं, किंमत गरीब बायांनी दिली. निदान त्या ज्ञानाचा लाभ तरी त्यांच्या लेकीसुनांना फुकट मिळायला नको का?

म्हणून माझं म्हणणं

मंडळांना विनंती: शिबिरात कॅन्सर मार्करचं पॅकेज ठेवू नका. त्या पैशात तीस वर्षांवरच्या बायांची गर्भपिशवीच्या तोंडाची, स्तनाची आणि मिश्री-तंबाखूवाल्यांची तोंडाची तपासणी करा. या तिन्ही तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होणं हा आपला हक्क आहे. आशाताईला आणि नर्सला शिबिरात बोलवा. पोटाच्या त्या चार तक्रारी मोठ्या अक्षरात लिहून विहाराच्या फळ्यावर लावा. शिबिरानंतर शंका निघालेल्या बाईबरोबर दवाखान्यात कोण जाणार, त्या दोन बायांची नावं आधी ठरवा. तेवढं ठरत नसेल तर शिबिर फक्त फोटोपुरतं राहील.

प्रशासनाकडे मागणी: महापालिकेच्या आरोग्य केंद्रांतून एचपीव्ही चाचणी सुरू करा. सतत पोट फुगलेल्या बाईला सरकारी दवाखान्यात आठवड्याच्या आत सोनोग्राफी मिळाली पाहिजे. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईची ब्रॅका चाचणी योजनेतून मोफत करा. आणि कुठलीही संस्था संशोधनासाठी आपल्या बायांचं रक्त मागायला आली तर ते कशासाठी, निकाल कुणाला कळणार आणि फायदा कुणाला मिळणार, हे मराठीत समजावून सांगितल्याशिवाय हात पुढं करू नका.

पी५३ च्या अँटिबॉडीवर काम चालू राहो. सीए-१२५ च्या जोडीला अशा दोन-चार चाचण्या एकत्र करून एखादा भरवशाचा संच उद्या तयार होईलही. झाला, पारखून उतरला, की पहिल्यांदा मीच विहारात येऊन सांगेन. तोपर्यंत या बैठकीतून घरी गेल्यावर एवढंच करा: आईला, सासूला, शेजारच्या काकूंना विचारा, “पोट बरं आहे ना? किती दिवस झाले?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा.